तैलरंगांतली रांगोळी

महाराष्ट्रातील शहरांत, आणि आता पुष्कळशा मोठ्या खेड्यांतही, घराच्या दारापुढची जमीन मातीची राहिलेली नाही. ती सिमेंटाच्या कोब्याची, शहाबादी फरशीची किंवा कारखान्यातून आलेल्या लाद्यांची झाली आहे. या जमिनीवर, उंबरठ्याच्या पुढे हात-दीड हात अंतर सोडून, मध्ये एखादे कमळ, त्याभोवती मोर, कोपऱ्यांना कोयऱ्या आणि जागा उरलीच तर स्वस्तिक, असे चित्र तैलरंगाने कायमचे काढवून घेण्याचा प्रघात बऱ्याच वर्षांपासून पडला आहे. ज्यांना तेवढाही खटाटोप नको असतो ते छापील चित्र बाजारातून आणून पायरीवर चिकटवितात. हे चित्र रोज काढावे लागत नाही आणि रोज पुसावेही लागत नाही. ते पावसाने वाहून जात नाही की वाऱ्याने उडत नाही. या सोयीचे कौतुक करणारे लोक आहेत, तसे परंपरा बुडाली म्हणून हळहळणारेही आहेत. परंतु या चित्राकडे चित्र म्हणून पाहण्याची तसदी दोन्ही पक्ष क्वचितच घेतात. तेवढे करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा प्रघात केवळ आळसातून निघाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे मूळ जमिनीच्या पालटात आहे. शेणाने सारवलेली जमीन काळसर हिरवी, किंचित ओलसर आणि अंगाने खरबरीत असते. शिरगोळ्याची वस्त्रगाळ पूड, किंवा कोकणात भाताची फोलपटे जाळून केलेली रांगोळी, अशा जमिनीवर पडली की ती तेथे धरून राहते आणि तिचा पांढरेपणा उठून दिसतो. घोटलेल्या कोब्याची गोष्ट याच्या नेमकी उलट. तो करडा, कोरडा व गुळगुळीत. पांढऱ्या रेषेला त्यावर उठाव मिळत नाही, आणि चिमटीतून सुटलेली पूड जराशा वाऱ्याने सरकते. यावर गृहिणींनी पहिला उपाय योजिला तो गेरूचा. कोब्यावर गेरूचा चौक द्यावा आणि त्या तांबड्या जमिनीवर रांगोळी घालावी, म्हणजे सारवणाची उणीव भरून निघते. पण गेरू पहिल्याच पावसात धुऊन जातो. म्हणून गेरूच्या जागी तांबडा तैलरंग आला. एकदा ब्रश हाती आल्यावर वरची पांढरी रेषही त्यानेच ओढून टाकावी, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. यांतील प्रत्येक पायरी सयुक्तिक आहे. मात्र शेवटच्या पायरीवर जी वस्तू हाती आली, ती आरंभी जी हवी होती ती नव्हे.

ती कोणती वस्तू आहे, हे ठरविण्यास आपल्या जुन्या ग्रंथांचा चांगला उपयोग होतो. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ज्या चौसष्ट कला गणिल्या आहेत, त्यांत जमिनीच्या शोभेच्या दोन कला निरनिराळ्या सांगितल्या आहेत. एक ‘तंडुलकुसुमबलिविकार’, म्हणजे तांदूळ व फुले यांची रचना करणे. आणि दुसरी ‘मणिभूमिकाकर्म’, म्हणजे रत्ने-खडे बसवून जमीन तयार करणे. पहिली त्या दिवसापुरती, दुसरी घर उभे आहे तोवरची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास ग्रंथात चित्राचे प्रकार सांगताना धूलिचित्र हा एक वेगळा प्रकार म्हणूनच नोंदविला आहे. भिंतीवरच्या चित्राची ती गरीब बहीण आहे, किंवा पुढे कधी तरी पक्क्या रंगांत उतरवावयाचे ते कच्चे टिपण आहे, असे जुन्या जाणकारांनी मानिले नाही. ओसरून जाणे हा तिचा धर्म, आणि टिकणे हा मणिभूमीचा धर्म. आमच्या दारापुढील तैलरंगांतल्या रांगोळीचा मूळ दोष असा की, तिने एकीचे रूप घेतले आहे आणि दुसरीचा धर्म. त्यामुळे दोहोंपैकी एकीचाही गुण तिला लाभलेला नाही.

हे विधान नुसते शास्त्राच्या आधारावर सोडून देणे बरे नव्हे. प्रत्यक्ष चित्रांवर ते ताडून पाहावे. प्रथम रेषेचा विचार करू. रांगोळीची रेषा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून सुटते. पूड किती सोडावी आणि हात किती वेगाने न्यावा, या दोहोंचा मेळ बसला तर ती सारख्या जाडीची येते; हात रेंगाळला तर ती फुगते, घाईने गेला तर तुटते. ठिपके आधी मांडलेले असतात, पण त्यांच्यामधून जावयाची वाट हातालाच काढावी लागते. म्हणून चांगल्या रांगोळीत, ती कितीही नियमबद्ध असो, काढणारीच्या हाताची चाल दिसते. तैलरंगांत हीच आकृती काढणारा रंगारी आधी खडूने आराखडा घेतो किंवा कागदाचा कापीव साचा ठेवितो, आणि मग त्या रेषेवरून ब्रश फिरवितो. ब्रशाला स्वतःची चाल नसते असे नाही. आरंभी बारीक, मध्ये भरदार आणि शेवटी निमुळती अशी रेषा ब्रशाइतकी दुसऱ्या कशानेही येत नाही. परंतु येथे ती चाल मुद्दाम दाबून टाकावी लागते, कारण नक्कल करावयाची असते ती चिमटीच्या रेषेची. काही रंगारी तर रेषेच्या कडेने पांढरे ठिपके देऊन पुडीचा भास उत्पन्न करितात! ज्या साधनात स्वतःचे सामर्थ्य आहे, त्याला दुसऱ्याचे सोंग घ्यावयास लाविले की काय होते, याचा हा बोलका नमुना होय.

रंगाचीही अशीच गत आहे. रांगोळीत भरावयाचा रंग मुळात पांढऱ्या पुडीत कालविलेला असतो; त्यामुळे तो जात्याच मवाळ होतो, आणि कणाकणांवर प्रकाश विखुरल्यामुळे त्याला मखमलीसारखा पोत येतो. डब्यांतला तैलरंग जसाच्या तसा भरला की पोपटी पोपटीच राहतो, मोरपंखी मोरपंखीच राहतो, आणि दोघे शेजारी आले की एकमेकांशी भांडतात. त्यातच वरून चकाकी. दुपारच्या उन्हात अशा पायरीकडे पाहिले असता रंग दिसण्याऐवजी तिरीपच तेवढी डोळ्यांवर येते.

तिसरा मुद्दा दिशेचा आहे. भिंतीवरच्या चित्राला वर आणि खाली असते. जमिनीवरच्या चित्राला ते नसते. घरातून बाहेर पडणारा मनुष्य ते एका बाजूने पाहतो, बाहेरून येणारा दुसऱ्या बाजूने. ठिपक्यांच्या रांगोळीला ही अडचण कधी पडली नाही, कारण ज्ञानकमळ कोठूनही पाहिले तरी ज्ञानकमळच दिसते. तैलरंगांतल्या चित्रांत मात्र गणपती, समई, कलश अशा उभ्या आकृतींचा सोस फार. त्या पाहुण्याच्या सोयीने काढलेल्या असतात. सबब पाहुण्याला गणपती सुलटा दिसतो आणि घरच्या माणसांना जन्मभर उलटा.

हे झाले रेखनाचे दोष. चांगला रंगारी ते टाळू शकेल. याहून अवघड प्रश्न प्रतीकांचा आहे. लक्ष्मीची वा गौरीची पावले, चातुर्मासात रोज काढावयाची तेहतीस गोपद्मे, चैत्र महिन्यात अंगणात मांडले जाणारे चैत्रांगण, यांतील आकृती केवळ शोभेच्या नाहीत; त्यांना पूज्यतेचा अर्थ आहे. पुडीची आकृती सकाळी निघते, तोवर ती ताजी असते म्हणून येणारा-जाणारा पाऊल वळवून जातो. दुपारपर्यंत ती थोडी विसकटते. दुसऱ्या दिवशी केरसुणीने ती जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. तिचा आदर आणि तिचे पुसले जाणे या दोहोंची वेळ ठरलेली असते. तैलरंगांतल्या लक्ष्मीच्या पावलांना अशी वेळ नाही. ती बारा महिने तेथेच असतात, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्षही नसते. आणि बहुतेक घरांत चपलांचे जोड नेमके त्यांच्यावरच काढून ठेविलेले आढळतात. यात कोणी जाणूनबुजून अवमान करीत नाही. सदा समोर असलेली वस्तू दिसेनाशी होते, एवढाच त्याचा अर्थ.

पायांखाली काय काढावे हा विचार किती जुना आहे, याचे एक उदाहरण मिसर देशातील आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात अखनातन राजाने बांधविलेल्या राजधानीच्या जागी, म्हणजे हल्लीच्या अमार्ना येथे, फ्लिंडर्स पेट्री या संशोधकाने १८९१-९२ साली केलेल्या उत्खननात राजवाड्यातील रंगविलेली जमीन सापडली. गिलाव्यावर रंगांनी तळे काढले होते. त्यात मासे व कमळे, आणि काठच्या लव्हाळ्यांतून उडणारी बदके. परंतु राजाच्या वाटेचा जो पट्टा होता, त्यावर काढली होती ती हात बांधलेल्या शत्रूंची चित्रे. म्हणजे प्रत्येक पावलागणिक राजाचा पाय शत्रूवर पडावा! क्रौर्य बाजूला ठेवू. पण चित्रकाराची समज पाहण्यासारखी आहे. जे तुडविले जावे असे वाटत होते, तेच त्याने वाटेत काढले. आम्ही मात्र जे तुडविले जाऊ नये असे म्हणतो, ते पक्क्या रंगांत वाटेवर काढितो. या जमिनीचा शेवटही सांगण्यासारखा आहे. ती पाहावयास येणारे लोक पिके तुडवितात म्हणून चिडलेल्या एका शेतकऱ्याने १९१२ साली तिचे तुकडे तुकडे केले; पुढे वाचलेले तुकडे कैरोच्या संग्रहालयात गेले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. कोणी म्हणेल, “ही सगळी रसिकता ठीक आहे, पण रोज पहाटे उठून, कंबर वाकवून, दार झाडून रांगोळी घालावयाची कोणी? घरातील बाईनेच ना? तिला आता नोकरीवर जावयाचे असते. एकदाच रंग लावून तिची त्या कामातून सुटका झाली, तर टीकाकारांच्या पोटात का दुखावे?” या म्हणण्यातील न्याय आम्हांस पूर्ण मान्य आहे. रांगोळी घातली नाही म्हणून सासूने सुनेला बोल लावावा, असे दिवस परत यावेत असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. आणि चिमटीत पूड धरण्यास पुरुषाच्या हातात काही उणे आहे असेही आम्हांस वाटत नाही. परंतु काम कमी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे एखादे दिवशी, किंवा महिनाभरही, रांगोळी न घालणे. रिकामी जमीन कोणावर सक्ती करीत नाही. उद्या मनात आले तर काढण्यास ती मोकळी असते. रंगविलेली जमीन ती मोकळीक काढून घेते. तेथे पुन्हा काही काढावयास जागाच राहत नाही, आणि काढावेसे वाटण्याचे कारणही राहत नाही.

खरी हानी आहे ती येथे. आपल्याकडे सर्वसाधारण घरांतून चित्रकलेचे जे काही शिक्षण मिळत असे, ते शाळेत मिळत नसून दारापुढे मिळत असे. आई काढीत असता मुलगी शेजारी बसे; आधी ठिपके मोजून द्यावयाचे, मग कोपरा भरावयाचा, मग एके दिवशी सगळी आकृती. जागेचे सारखे भाग कसे पाडावे, एका बाजूस केलेले दुसऱ्या बाजूस कसे तोलावे, रेषा कोठे थांबवावी, हे तिला कोणी व्याख्यान देऊन सांगत नसे. आणि चुकले तर उद्या पुन्हा काढावयाचेच असे. म्हणून चुकीची धास्तीही नसे. कोणत्याही कलाशाळेला हेवा वाटावा अशी ही सोय होती. जेथे पायरीवर कायमचे चित्र आले, तेथे मुलामुलींना पाहावयास एक तयार वस्तू मिळाली; वस्तू तयार होताना पाहावयाचे राहून गेले. लोकांना हे आतून जाणवत असावे असे मानण्यास एक आधार आहे. ज्या घरापुढे तैलरंगांतली भली मोठी रांगोळी वर्षभर झळकत असते, त्या घरीही दिवाळीच्या चार दिवसांत ती पुरेशी मानली जात नाही. तिच्या शेजारी, किंवा सरळ तिच्यावरच, खरी रांगोळी घातली जाते. कायमच्या चित्रावर याहून कडक टीका आम्हांस लिहिता येणार नाही.

तथापि दोष रंगाचा आहे असा कोणी समज करून घेऊ नये. कुमाऊँ प्रांतात ऐपण नावाची जी कला आहे, तीत गेरूच्या जमिनीवर भिजविलेले तांदूळ वाटून केलेल्या ‘बिस्वारा’ने, बोटांच्या टोकांनी आकृती काढितात. तेथेही आता उंबरठ्यांवर तांबडा व पांढरा तैलरंग आला आहे, आणि तेथेही आमच्याकडचाच प्रश्न उभा आहे. उलट ढाक्याचे उदाहरण पाहावे. १९५२ सालच्या भाषा-आंदोलनात प्राण दिलेल्यांचे स्मारक असलेल्या तेथील शहीद मिनारासमोर आणि भोवतालच्या रस्त्यांवर, दर वर्षी २१ फेब्रुवारीसाठी कलाशाळेचे विद्यार्थी रंगांनी मोठमोठ्या आल्पना काढितात. आल्पना मूळची बंगाली घरांतली. तांदळाच्या पिठात भिजविलेल्या चिंधीने व्रताच्या दिवशी काढावयाची. अवनींद्रनाथ ठाकुरांनी तिचा विचार ‘बांग्लार व्रत’ या पुस्तकात केला, आणि शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या परिवाराने तिला कलाशिक्षणात स्थान मिळवून दिले. ढाक्याच्या रस्त्यावर ती पिठाची न राहता रंगाची झाली, घरची न राहता नगराची झाली. तरी तिचा प्राण गेला नाही. कारण तिच्यावरून त्या दिवशी हजारो लोक अनवाणी चालतात, पुढे वर्षभरात ती झिजून जाते, आणि पुढील वर्षी दुसरे हात ती नव्याने काढितात. रंग पक्का असूनही चित्र कायमचे नाही. तेव्हा पीठ की रंग, हा मुद्दा गौण आहे. पुन्हा काढण्याची वेळ ठरलेली आहे की नाही, हा मुख्य आहे.

मग सिमेंटाची जमीन रंगवूच नये काय? आमचे तसे म्हणणे मुळीच नाही. गच्ची, सज्जा, ओसरी, मागचे अंगण अशा करड्या जागा आमच्या घरांत पुष्कळ आहेत, आणि त्यांना रंगाची गरजही आहे. फक्त तेथे रांगोळीची नक्कल न करिता जमिनीचे चित्र म्हणून जे शोभेल ते काढावे. त्यासाठी परदेशी नमुने धुंडाळावयास नकोत. आमच्या लुगड्याला काठ असतो, पदर असतो, आणि मधले अंग बहुधा साधे असते. याच न्यायाने खोलीच्या कडेने एक किनार फिरवावी आणि मधली जागा, जी सर्वांत जास्त झिजते, ती एकरंगी ठेवावी. जुन्या देवळांच्या व घाटांच्या फरशीवर सोंगट्यांचे आणि वाघ-बकरीचे पट कोरलेले सापडतात. गच्चीच्या एका कोपऱ्यात असा पट किंवा मुलांच्या लंगडीची घरे रंगविली, तर पाय पडण्यासाठीच काढलेले ते चित्र होईल. रंग दोन-तीनच असावेत, आणि ते माती-दगडांच्या कुळातले असावेत, चकाकी नसावी. आकृती चोहोंकडून सुलटी दिसावी. एवढे पथ्य सांभाळले तरी पुष्कळ झाले.

कारागिरीकडेही दुर्लक्ष करून चालत नाही, कारण पोपडे धरलेले सुंदर चित्र हे साध्या करड्या जमिनीहून कुरूप दिसते. सिमेंटात चुन्याचा क्षार असतो, आणि तो नव्या कोब्यात फार तीव्र असतो. साधा तैलरंग त्यावर लाविला तर क्षार व तेल यांच्या संयोगाने एक प्रकारचा साबणच तयार होतो, आणि रंग चिकट होऊन सुटू लागतो. म्हणून नवा कोबा पाणी मारून, नंतर वाळवून, निदान महिनाभर तरी तसाच ठेवावा. दुसरा शत्रू जमिनीखालची ओल. प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटवून रात्रभर कोब्यावर ठेवावा. सकाळी त्याच्या खालच्या अंगास दव आढळले किंवा कोबा काळवंडलेला दिसला, तर तेथे रंग टिकावयाचा नाही असे खुशाल समजावे. तिसरे, काचेसारखा घोटलेला पृष्ठभाग रंगाला धरून ठेवीत नाही. तो आधी खरवडून घ्यावा, धुवावा आणि पुरता सुकू द्यावा. मग भिंतीसाठी केलेला रंग न वापरता जमिनीसाठीच केलेला रंग पातळ हातांनी द्यावा.

इतके करूनही वरचा रंग हा केसाएवढा पापुद्राच असतो, हे विसरू नये. सिमेंटाच्या जातीला खरोखर मानवेल अशी शोभा रंग वर लावून येत नाही, तो आत कालवून येते. तांबडा रंग मिसळून घोटलेला कोबा पिढ्यान्‌पिढ्या पायांनी उजळत जातो. तीच गोष्ट नक्षीच्या सिमेंट-लाद्यांची. मुंबईच्या १९२२ साली स्थापन झालेल्या भारत टाइल्ससारख्या स्वदेशी कारखान्यांनी धातूच्या जाळीत रंगीत सिमेंट ओतून व दाबून ज्या लाद्या केल्या, किंवा तामिळनाडूतील आत्तंगुडीचे कारागीर काचेवर रंगीत सिमेंट ओतून आजही ज्या लाद्या करितात, त्यांतील रंग जाडीत काही अंगभूत असतो. म्हणून वरचा थर झिजला तरी नक्षी राहते. वात्स्यायनाची मणिभूमी आमच्या काळात उतरली असेल तर ती या लाद्यांत, पायरीवरच्या तैलरंगांत नव्हे.

सारांश, जमिनीच्या दोन कला आहेत आणि दोहोंनाही घरात जागा आहे. गच्ची-ओसरीवर टिकाऊ नक्षी हौसेने करावी. उंबरठ्यापुढील जागेबद्दल मात्र आमची एवढीच सूचना आहे की, तेथे हवा तर गेरूच्या रंगाचा एक साधा चौक पक्क्या रंगाने द्यावा, म्हणजे सिमेंटाच्या करडेपणाची अडचण दूर होईल. पण त्या चौकात काहीही काढू नये. तो रिकामा राहू द्यावा. सणाच्या दिवशी कोणी त्यात ज्ञानकमळ काढील, एरवी एखादे मूल ठिपके वेडेवाकडे जोडील, आणि कित्येक दिवस तो तसाच कोरा राहील. कोऱ्या चौकाने घराची शोभा उणावते असे आम्हांस वाटत नाही. त्यात उद्या कोणी तरी काही काढील, ही शक्यता दारापुढे जागती ठेवणे, हे एका चांगल्या चित्राइतकेच मोलाचे आहे.